बक्षिशी, पोस्त आणि खुशाली : मजुरी कुणी द्यायची?



मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊसशेती ज्ञानयागासाठी आपले सभासद जातात. माती, बेणे, पाणी, खोडवा यांवर तज्ज्ञांचे ऐकतात आणि परत निघताना पुण्यात एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवतात. अशाच एका तुकडीत परतीच्या गाडीत जोराचा वाद झाला. बिलावर खाण्याची रक्कम, त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्याखाली जी.एस.टी. अशा ओळी होत्या. वाढणारा पोऱ्या बडीशेपेची बशी घेऊन उभा. एकाने बशीत पन्नासची नोट टाकली. दुसरा म्हणाला, "अहो, दहा टक्के बिलातच घेतलेत की, परत कशाला?" तिसऱ्याचे म्हणणे, पगार मालकाने द्यायचा, गिऱ्हाइकाचा काय संबंध? आणि एक वयस्क सभासद म्हणाले, "त्या पोराला पगार किती असेल ते एकदा विचारा, मग वाद घाला."

वाद गाडीत मिटला नाही. गट कार्यालयात आल्यावर तो माझ्यापुढे आला. त्यात एका सभासदाने जे विचारले ते मात्र ध्यानात राहण्यासारखे आहे. "साहेब, पन्नास रुपयांच्या टिपेवर आपण पन्नास मैल भांडलो. मग फडात जी खुशाली मोजतो, तिच्यावर कोण बोलणार?"

या प्रश्नासाठीच हा लेख लिहीत आहे. हॉटेलातली टिप आणि फडातली खुशाली यांचे मूळ एकच आहे. पहिली नीट समजली की दुसरीचा हिशेब लागतो.

आपल्या भाषेत या देण्याघेण्याला पुष्कळ शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ थोडा वेगळा. बक्षिशी म्हणजे काम पाहून मन खूश झाले म्हणून वर दिलेले. दिवाळीची पोस्त म्हणजे वर्षभर दारात येणाऱ्या पोस्टमनला, गुरख्याला, झाडूवाल्याला सणाला दिलेले. चहापाणी हा शब्द आता बदनाम झाला आहे, कारण तो कामाच्या आधी मागितला जातो. खुशाली या शब्दात तर 'खुशी'च आहे. या सगळ्यांत तीन गोष्टी पाहायच्या. पैसे कामाच्या आधी की नंतर, मागून की आपण होऊन, आणि घेणाऱ्याला मूळ मजुरी मिळालेली आहे की नाही. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा कोणी विचारात घेत नाही, आणि सगळे पाणी तिथेच मुरते.

गावगाड्यात बलुते होते. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांना सुगीला धान्य मिळे. तो हक्क होता असे आपण अभिमानाने सांगतो. पण खळ्यावर माप कोणाच्या हातात होते, हेही सांगितले पाहिजे. याचे सर्वांत कडक उदाहरण महार वतनाचे. महारांकडून काम घ्यायचे सरकारने : सारावसुलीला हाकारे घालणे, टपाल नेणे, अंमलदारांची सरबराई. मोबदला मात्र थोडी इनाम जमीन आणि बाकी रयतेने द्यायचे धान्य. रयत रागावली की धान्य बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनांच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. काम सरकारचे असेल तर मोबदलाही ठरलेला आणि खात्रीचा पाहिजे, तो दुसऱ्याच्या मर्जीवर टांगता ठेवू नये, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. हॉटेलातल्या टिपेच्या वादात आज जगभर जे बोलले जाते ते याहून फार निराळे नाही. काम एकाचे, मजुरी दुसऱ्याच्या मर्जीवर, अशी व्यवस्था असली की काम करणाऱ्याने कोणाकोणाकडे हात पसरायचा?

आता पगाराविषयी. आपण 'पगार' हा एकच शब्द वापरतो, पण त्याच्या तीन पायऱ्या मानलेल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर लगेच केंद्र सरकारने रास्त वेतनाविषयी समिती नेमली होती. तिने किमान वेतन, रास्त वेतन आणि निर्वाह वेतन असा भेद केला. किमान वेतन म्हणजे ज्याच्याखाली कोणी जाऊच शकत नाही ती रेषा. धंदा नफ्यात असो वा तोट्यात, ते द्यावेच लागते. निर्वाह वेतन म्हणजे माणसाला खाणेपिणे, कपडालत्ता, पोरांचे शिक्षण, औषधपाणी आणि म्हातारपणाची थोडी तरतूद होईल एवढे. रास्त वेतन या दोहोंच्या मध्ये, धंद्याची ऐपत पाहून ठरायचे. घटनेच्या ४३ व्या कलमात निर्वाह वेतनाचे ध्येय सांगितले आहे. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालचा. तो आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. हॉटेल-उपाहारगृहातल्या कामगारालाही किमान वेतनाचे संरक्षण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मग टिप या किमान वेतनात धरायची का? आपल्याकडे याचे उत्तर 'नाही' असे आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली टिप म्हणजे वेतन नव्हे अशी भूमिका घेतली, कारण ती मालकाच्या खिशातून येत नाही, गिऱ्हाइकाकडून येते. पुढे २०१६ साली आय.टी.सी. कंपनीच्या प्राप्तिकराच्या खटल्यातही न्यायालयाने तेच धरले. गिऱ्हाइकाने कार्डावर दिलेली टिप मालकाच्या हातून कामगाराकडे गेली, तरी मालकाने दिलेला पगार ती होत नाही.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथल्या संघराज्याच्या कायद्यात १९६६ पासून अशी सोय केली की, टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने कमी पगार दिला तरी चालेल, टिपेने तूट भरून निघाली की झाले. सर्वसाधारण किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, आणि टिप मिळणाऱ्याला मालकाने द्यायचे फक्त दोन डॉलर तेरा सेंट. हा दोन डॉलर तेरा सेंटचा आकडा १९९१ पासून हललेला नाही! टिपेने तूट भरली नाही तर ती मालकाने भरायची असा नियम आहे, पण ती मागायला जाणारा वेटर नोकरीत किती दिवस टिकेल हे आपण समजू शकतो. काही राज्यांनी हा भेद काढून टाकला आहे, बाकी ठिकाणी वाद चालू आहे. आपली मुले-मुली तिकडे असतात. पंधरा-वीस टक्के टिप द्यावी लागते म्हणून ती कुरकुरतात, पण न देऊन चालत नाही, कारण समोरच्याचे घर त्याच्यावर चालते. जपानात उलट टिप पुढे केली तर माणूस संकोचतो. पगार मालक देतो आणि नीट काम करणे हा त्याच्या कामाचाच भाग समजतात. म्हणजे टिप ही माणसाच्या स्वभावातून आलेली गोष्ट नाही, पगाराची व्यवस्था जशी लावाल तशी ती येते किंवा जाते.

पुण्याकडे वळू. पुण्यात बाहेर खाण्याची परंपरा जुनी. अमृततुल्याची चहाची दुकाने, इराण्यांची हॉटेले (डेक्कनवरचे गुडलक १९३५ सालचे), फर्ग्युसन रस्त्यावरची उडुपी पद्धतीची हॉटेले, पेठांतल्या खानावळी. या धंद्यात जुना रिवाज असा की पोऱ्या गावाकडून यायचा, राहणे-जेवणे मालकाकडे, हातात पगार थोडा, आणि वरचा खर्च टिपेतून. खानावळीत महिन्याचे पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्याकडून टिप कसली येणार, म्हणून तिथे सणाला पोस्त. अमृततुल्यात उभ्या उभ्या चहा पिणारा टिप देतच नाही. म्हणजे एकाच शहरात, एकाच धंद्यात, सारखाच राबणारा माणूस कुठे कामाला लागला यावर त्याची मिळकत ठरते.

आणखी एक. टिप वाढणाऱ्याला मिळते. आत भट्टीपुढे उभा असलेला आचारी, मोरीवर भांडी घासणारी बाई, पहाटे भाजी निवडणारा मुलगा यांच्यापर्यंत ती पोचतेच असे नाही. काही ठिकाणी गल्ल्याजवळ डबा ठेवून आठवड्याने वाटणी करतात, ती पद्धत बरी. पण डब्याची किल्ली मालकाकडे असेल तर फोडलेल्या काचेचे पैसे त्यातूनच जातात, अशीही तक्रार ऐकू येते. इंग्लंडने २०२३ साली यासाठी वेगळा कायदा केला, तो ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला : टिपेतला पैसाही मालकाने ठेवायचा नाही आणि वाटणी न्यायाने करायची. आपल्याकडे आता आणखी नवी अडचण झाली आहे. सगळे मोबाइलवरून पैसे देतात. पैसे जातात मालकाच्या खात्यात, आणि खिशात सुटी नोट नसते. बडीशेपेची बशी रिकामीच परत जाते.

आता बिलातल्या त्या दहा टक्क्यांचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे, आणि दिला नाही म्हणून आत येऊ न देणे वगैरे करू नये, असे सांगितले. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी सूचना कायम केल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. त्याविरुद्ध संघटनांनी वरच्या पीठाकडे अपील केले. मालकांचे म्हणणे असे, की हा पैसा कामगारांत वाटला जातो, आतल्या माणसालाही वाटा मिळतो. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण मग सरळ थाळीचा दर दहा टक्के वाढवून पगारात का घालत नाहीत? कारण उघड आहे. थाळी २०० ची २२० केली तर गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जाईल. २०० लिहून खाली २० घातले तर जेवण झाल्यावरच कळते. सभासदांनी लक्षात ठेवायचे एवढेच, की तो आकार काढून टाकायला सांगता येतो, आणि वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आकार काढलात तर त्या पोऱ्याच्या हातात मात्र काहीतरी ठेवा, हे माझे वैयक्तिक मत.

पुण्यातलेच दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. गूळ, कांदा, भाजी घेऊन पुण्याच्या बाजारात गेलेल्या प्रत्येकाने पट्टीवर 'हमाली, तोलाई' ही ओळ पाहिलेली आहे. एके काळी पुण्याच्या पेठांत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला ठरलेला दर नव्हता. व्यापारी देईल ते, गाडीवाला देईल ते, आणि खाली सांडलेले दाणे झाडून न्यायचे. डॉ. बाबा आढाव (१९३०–२०२५) यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. काम करून घेणाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराला पगार द्यायचा, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार. ज्याला कायमचा मालक नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर, अशा माणसालाही हक्काची मजुरी देता येते हे या व्यवस्थेने दाखवले. हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' त्याच चळवळीतली. पुण्यात गेलात तर तिथे जरूर जेवा. बाजारात आता सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. ट्रकवाले अजून 'वाराई'च्या नावाने तक्रार करतात. पण पट्टीवर दर छापलेला असणे आणि कोणी हात पसरून उभा राहणे यात फरक आहे.

आता फडात येऊ.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबर या टॅक्सी कंपनीला नोटीस दिली. कंपनीच्या मोबाइल ॲपवर गाडी बोलावतानाच 'आधी टिप द्या म्हणजे गाडी लवकर मिळेल' अशी सोय होती. त्या वेळी ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी सांगितले की टिप ही सेवा झाल्यावर संतोषाने द्यायची गोष्ट आहे, ती आधी मागणे अनुचित व्यापार आहे. पुण्या-मुंबईच्या शहरी मंडळींनी यावर खूप चर्चा केली. आपल्याला मात्र यात काही नवीन वाटायला नको. कोयता फडात शिरण्याआधी एकरी किती ते ठरवायचे, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला खेपेमागे 'एंट्री' द्यायची, नाही दिली तर गाडी दुसऱ्याच्या बांधावर, हे आपण कित्येक हंगाम पाहत आलो. ॲप नव्हते एवढेच.

हिशेब करून पाहू. तोडणीचा दर साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्या करारातून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात झालेल्या बैठकीत तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली, मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. टनाला सुमारे २७३ रुपये असलेला दर सुमारे ३६६ झाला. एका एकरात ४० टन ऊस धरला तर तोडणीचे १४,६४० रुपये, त्यावर कमिशनचे २,९२८, आणि वाहतूक निराळी. हे पैसे कोणाचे? एफ.आर.पी. ही कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाची किंमत असते. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होऊन बाकी आपल्या खात्यात जमा होते. म्हणजे कोयत्याची मजुरी आपण आधीच दिलेली आहे. कारखान्याने ती आपल्या वतीने मोजली इतकेच. बिलात सर्व्हिस चार्ज लावून वर बशी पुढे करावी, तसे हे आहे.

आता हिशेबापुरते धरा की एकरी पाच हजार खुशाली गेली. टनाला सव्वाशे रुपये झाले, म्हणजे तोडणीदराच्या एक तृतीयांशाहून जास्त. करारात जी ३४ टक्के वाढ मिळायला मजुरांच्या संघटनांना किती वाटाघाटी कराव्या लागल्या, तिच्याहूनही जास्त रक्कम इथे पावतीशिवाय, एका फोनवर जाते. आणि ती कोणाकडे जाते हे कधी विचारले आहे का? बहुतेक वेळा मुकादम घेतो. मोळी बांधणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले काय पडते ते तिलाच विचारा. हॉटेलातल्या मोरीवरच्या बाईची आणि तिची गत सारखीच आहे.

खुशालीने आणखी एक नुकसान होते, ते ऊस विकास खात्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोठे वाटते. आपण लागणीच्या तारखेप्रमाणे नोंद घेतो, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा तोडणीचा कार्यक्रम लावतो. तो उसाच्या पक्वतेवर लावलेला असतो. जो जास्त मोजतो त्याचा ऊस पाळी सोडून आधी तुटला, तर कोवळा ऊस गव्हाणीत पडतो आणि तयार ऊस रानात उभा राहून वजनात व साखरेत घटतो. उतारा दोन्हीकडून मार खातो. २०२५-२६ हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनाला ३४ रुपये ६० पैसे जास्त. म्हणजे सव्वादहाच्या वरचा सरासरी उतारा पाळी मोडल्यामुळे नुसता एक दशांश टक्का जरी खाली आला, तर आठ लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या सभासदांचे दराच्या हिशेबात पावणेतीन कोटींहून अधिक जातात. ज्याने खुशाली दिली त्याचेही, आणि ज्याने दिली नाही त्याचेही. खुशाली दिल्याने आपला ऊस आधी गेला असे वाटते, पण शेजाऱ्यानेही दिली की पाळी पुन्हा पहिल्यासारखीच राहते. फक्त दर चढतो.

यात सर्वांत जास्त मरतो तो अर्धा-पाऊण एकरवाला. त्याच्या फडाला टोळी नेणे मुकादमाला परवडत नाही, वाट अरुंद, गाडी बांधावर येत नाही. तो शेवटी कंटाळून ऊस पेटवतो. जळीत उसाची कपात त्याच्याच बिलात होते. पुढच्या हरभऱ्याची वेळही टळलेली असते.

मात्र हे सगळे सांगताना कोयत्याची बाजू गाळली तर हा अभ्यास लेख म्हणवणार नाही. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो, साळतो, मोळ्या बांधतो, गाडीत भरतो. ३६६ ने दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये होतात. पहाटे चारला सुरुवात, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पाऊस पडला, गव्हाण बंद पडली, तर तो दिवस रिकामा. गावाहून निघताना घेतलेली उचल हंगामभर फेडायची, हंगाम लवकर आटोपला तर पुढच्या वर्षावर बाकी. हंगाम आखूड झाले आहेत, त्यामुळे कमाईचे दिवसही घटले. मघाच्या तीन पायऱ्या आठवा आणि हा माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे ते आपणच ठरवा. त्याला हक्काचे कमी मिळते, म्हणून तो हात पुढे करतो. उद्या खुशाली बंद केली आणि दर तेवढाच ठेवला, तर तोळामासा माणसे होती तीही येणार नाहीत. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये घ्यायचे ठरले आहे. माथाडीच्या लेव्हीची ही धाकटी बहीणच म्हणा. हे पैसेही साखरधंद्यातूनच जातात, म्हणून ते कोयत्यापर्यंत आरोग्याच्या, मुलांच्या शाळेच्या रूपाने पोचतात का, हे विचारण्याचा अधिकार सभासदाला आहे, आणि तो वापरला पाहिजे.

माझे मत सरळ आहे. टनाला सव्वाशे जर जाणारच असतील, तर ते करारातल्या दरात, बिलात, कोयत्याच्या नावाने जावेत. तिथे त्यावर हिशेब राहतो, बाईच्या नावाने नोंद करता येते, आणि अर्ध्या एकरवाल्यालाही मोठ्या बागायतदाराएवढाच दर पडतो. काही सभासद म्हणतील, दर वाढला तरी खुशाली थांबणार नाही, दोन्हीकडून जाईल. ही भीती खरी आहे. ती जाते फक्त एका गोष्टीने : कोणीही आधी मोजायचे नाही, आणि मागितली तर लेखी द्यायचे.

लेखी द्यायचे कोणाकडे? साखर आयुक्तालयाने परिपत्रकांद्वारे कळवले आहे की तोडणीसाठी शेतकऱ्याकडून पैसे मागता येणार नाहीत. तक्रार कारखान्याकडे करावी, चौकशीत तथ्य आढळल्यास ती रक्कम मुकादम किंवा वाहतूकदाराच्या बिलातून कापून शेतकऱ्याला द्यावी. तक्रारीत गट क्रमांक, प्लॉटची नोंद, तोडणीची तारीख, टोळीचा किंवा वाहनाचा क्रमांक, किती रक्कम आणि कशी दिली एवढे लिहा. मोबाइलवरून दिली असेल तर त्याची नोंद जोडा. जी मोबाइलची सोय वेटरच्या बशीतली नोट घालवते, ती इथे आपल्या कामाला येते. चिटबॉयने किंवा खात्यातल्या कोणी मागितली असेल तर तेही लिहा, नाव झाकू नका. तक्रार केली म्हणून कोणाचा प्लॉट मागे ठेवला, असे व्हायचे नाही. पाळीपत्रक गट कार्यालयाबाहेर लावलेले असते, ते रोज पाहता येते.

राहता राहिला वाढ्यांचा प्रश्न. वाढे कोयत्याचे, हा जुना रिवाज. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी रिवाज राहिला आणि काही ठिकाणी आपल्याच रानातले वाढे आपणच विकत घेतो. एका बाजूने तो मजुरीचा भाग आहे, दुसऱ्या बाजूने त्याला दर नाही आणि कुठे नोंद नाही. जनावरांना वाढे लागतात त्या सभासदाने किती पेंढ्या ठेवायच्या, बाकीच्या कोणाच्या, हे टोळी फडात उतरण्याआधी ठरले तर रोजची भांडणे वाचतील. येत्या हंगामपूर्व गटसभेत हा विषय घेत आहे. सभेला मुकादमांनाही बोलावले आहे, आणि शक्य झाले तर प्रत्येक टोळीतल्या एका बाईलाही. सभासदांनी येताना गेल्या हंगामाची तोडणीची चिठ्ठी आणि बिल सोबत आणावे.